कमरेइतकं कुंपण

माझ्या वडिलांनी चौतीस वर्षं एकच झुडूप लावलं आणि कापलं. कोयनेल. बाग दाखवताना लोक गुलाब दाखवतात, कोयनेल कुणी दाखवत नाही. ती कुंपणाला लावतात. पान गुळगुळीत, गडद हिरवं, आणि इतकं कडू की शेळीसुद्धा तोंड लावत नाही. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "हिला काही लागत नाही. पहिले दोन महिने पाणी द्या आणि मग विसरून जा." आईबद्दलही ते हेच म्हणायचे, फक्त पाण्याचं सोडून. "हिला काही लागत नाही." आई तिथेच उभी असायची, हातात काहीतरी काम घेऊन, आणि तिला ते कौतुक वाटायचं.

मी सांगते आहे ती गोष्ट आईच्या डोळ्यांची आहे. ते तीन-चार वर्षं हळूहळू जात होते आणि मला किंवा बाबांना त्याचा पत्ता नव्हता. कोयनेल मधे येणारच, कारण बाबांच्या आयुष्यात ती प्रत्येक गोष्टीच्या मधे आली.

बाबा अंधांच्या संस्थेत माळी. साठ-सत्तर पुरुष तिथे राहतात. एका इमारतीत झोपायचं, दुसरीत जेवायचं आणि मैदानापलीकडच्या लांब शेडमध्ये वेताच्या खुर्च्या विणायच्या. बाबा तेविसाव्या वर्षी कामाला लागले तेव्हा इमारतींच्या मधे खांबांना दोरी बांधलेली होती, ती धरून माणसं जायची. दोरी ढिली पडायची, पावसात कुजायची, आणि तिच्यावर कुणीतरी हमखास चादरी वाळत घालायचं. मग ओल्या चादरीत तोंड घालून माणसं एकमेकांवर आपटायची. बाबांनी ऑफिसात जाऊन सांगितलं, दोरी काढा, मी कुंपण लावतो.

त्यांनी वीत-वीत लांबीच्या काड्या कापल्या. खालचा काप तिरका, वरचा सरळ, म्हणजे लावताना उलटी लागत नाही. दोन ओळी लावल्या, एका ओळीतल्या दोन काड्यांच्या मधे दुसऱ्या ओळीतली काडी येईल अशा. कोयनेल जगवायला अक्कल लागत नाही, कापायला लागते. ती वीतभर वर आली की अर्ध्यात कापायची. फुटून दाट झाली, हातभर वर आली की पुन्हा अर्ध्यात. पाहणाऱ्याला वाटतं हा माणूस वेडा आहे, वाढलेलं तोडतोय. पण उंचीची घाई केली तर कुंपण नुसतं काठ्यांवर उभं राहतं, आत सगळं मोकळं. बाबांनी घाई केली नाही. तीन वर्षं लोकांची बोलणी खाल्ली आणि चौथ्या वर्षी त्यांच्या पट्ट्याच्या बकलाइतकं, भिंतीसारखं घट्ट कुंपण उभं केलं. खाली रुंद, वर थोडं अरुंद. डावा हात त्यावर ठेवून माणूस डुलत चालला तरी पडणार नाही, टेकला तरी ते तोलून धरेल. पायरी येणार असेल तिथे त्यांनी वरून चार बोटांची खाच ठेवली. हात खाचेत गेला की पाय उचलायचा. वळणाच्या आधी दोन खाचा.

दर तीन आठवड्यांनी छाटणी. एक काडी बाहेर राहिली तर कुणाच्या तरी तळहाताला ओरखडा जाणार, म्हणून छाटून झाल्यावर बाबा स्वतः डोळे मिटून, हात ठेवून एक फेरी मारायचे. त्यांना मागे सगळे ‘कात्री’ म्हणत. तोंडावर माळीदादा.

आम्ही राहायचो शेडच्या मागच्या दोन खोल्यांत. संस्थेतल्या सवयी बाबांबरोबर घरात आल्या होत्या. दार एकतर पूर्ण उघडं नाहीतर पूर्ण बंद; अर्धवट उघडं दार म्हणजे कुणाचं तरी कपाळ फुटणार. स्टूल भिंतीला. चपला कोपऱ्यात. साखरेचा डबा डावीकडून दुसरा, मेला तरी तिसरा होणार नाही. घरात शिरताना उंबऱ्याबाहेरूनच "मी आलो" म्हणायचं. मी शाळेतून आले की दप्तर जमिनीवर टाकायचे आणि बाबा ते उचलून मला ओरडायचे. दहा वर्षांची असताना मी एकदा तणतणून विचारलं, "इथे कोण आंधळं आहे?"

"कुणी नाही," बाबा म्हणाले. "सवय असावी."

पुढे माझं लग्न झालं, मी दुसऱ्या शहरात गेले. मी तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर काचेवरचा रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. नजर चांगली आहे असं माझे साहेब म्हणतात. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे मी बाबांना बरंच काही बोलले आहे. वर्षातून दोनदा मी माहेरी यायचे, चार-चार दिवस राहायचे, आणि मलाही काही दिसलं नव्हतं. आई सुई ओवायला माझ्याकडे द्यायची. मी ओवून द्यायचे. ती धान्य निवडताना ताटाला हात लावून बसायची, मी शेजारी बसून सासूच्या तक्रारी सांगायचे. तिने एकदा माझ्या मुलाचा फोटो उलटा धरला होता. मी हसले आणि सरळ करून दिला.

हे उघड झालं तेव्हा बाबांना संस्थेत एकोणतीस वर्षं झाली होती. मी सकाळी पोचले, बाबा नुकतेच छाटणी करून आले होते, आई चहा ओतत होती. तिने तीन कप मांडले. डाव्या हाताने कप धरला, अंगठ्याशेजारचं बोट कपाच्या काठावरून आत वाकवलं आणि उजव्या हाताने भांडं तिरकं केलं. चहा वर आला, बोटाला लागला, तिने बोट काढलं. दुसरा कप. पुन्हा बोट. चहा उकळता होता, तिचं बोट लाल झालेलं होतं आणि त्यावर एक जुनी फोडही होती.

"आई, कपात बोट का घालतेस?"

ती थांबली. उत्तर बाबांनी दिलं, वर्तमानपत्रातून डोकंही न काढता. "चहा ओतताना सगळेच घालतात."

बाबांच्या जगात ते खरंच होतं. शेजारच्या जेवणघरात सत्तर माणसं रोज दोनदा अशीच चहा ओतून घेत होती. बाबा ते इतकी वर्षं बघत आले होते. मी उठून आईच्या बाजूला गेले, डाव्या अंगाने, आणि हात तिच्या डाव्या डोळ्याशेजारी धरला. तिने मान वळवली नाही. "काय गं?" ती म्हणाली, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत. "गेलीस कुठे?"

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

डॉक्टर बाई वयाने माझ्याएवढ्याच होत्या. त्यांनी एका डोळ्यावर झाकण ठेवून आईला ठिपके मोजायला लावले, मग दुसऱ्यावर. काचबिंदू. डावा डोळा संपला होता. उजव्यात समोरची थाळीएवढी जागा उरली होती, तिच्या बाजूने काही नाही. गेलेलं परत येत नाही, त्या म्हणाल्या, थेंब घालून उरलेलं जमेल तितकं टिकवायचं. दोन वर्षं म्हणा, जास्तही, कमीही. मग त्यांनी फॉर्म भरताना बाबांना विचारलं, "काम काय करता?" बाबांनी संस्थेचं नाव सांगितलं. बाईंचं पेन थांबलं. त्यांनी बाबांकडे बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

परत येताना बसमध्ये आई खिडकीशी, मधे बाबा, मी पलीकडे. आईने अगदी सहज विचारलं, "तुम्हाला कधी कळलं होतं?"

"काय?"

"माझ्या डोळ्यांचं. मी कधी काढलं नाही तुमच्याजवळ. म्हटलं, हे आपणहून बोलत नाहीत, तर आपण तरी कशाला बोलून दाखवायचं. बायको आंधळी होतेय म्हणायला माणसाच्या जिवावर येत असेल." ती थोडी हसली. "पण स्टूल कधी मधे नसतं. दार कधी अर्धवट नसतं. डबे जिथल्या तिथे. बाहेरून आलात की आधी आवाज देता. मला वाटायचं, किती करतात हे माझ्यासाठी, आणि एका शब्दाने जाणवू देत नाहीत."

हो, मला माहीत होतं, असं बाबा म्हणाले तर त्यांनी तिला डोळ्यांदेखत आंधळं होऊ दिलं असा अर्थ होणार. माहीत नव्हतं म्हणाले तर तीन वर्षं त्यांनी तिच्याकडे नीट बघितलंच नाही असा. मला मनातून वाटत होतं की त्यांनी खोटं बोलावं. कोणतं खोटं, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

बाबा खोटं बोलणाऱ्यातले नव्हतेच. "मला कळलं नाही गं," ते म्हणाले. आणि मग पुढे, "ते सगळं मी सवयीने करतो."

दुसरं वाक्य बोलायची काहीएक गरज नव्हती. मी त्यांना घरी गेल्यावर तसं तोंडावर सांगितलंसुद्धा. बसमध्ये आई फक्त "बरं" म्हणाली आणि खिडकीकडे वळली. खिडकी तिच्या डाव्या बाजूला होती, त्या डोळ्याने तिला काहीच दिसत नव्हतं. उतरेपर्यंत ती तशीच बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आतल्या खोलीतून बाहेर आली तेव्हा दारात थांबली. पाय पुढे सरकवून जमीन चाचपली. स्टूलपर्यंत आली, हाताने स्टूल कुठे आहे ते बघितलं. साखरेचा डबा उघडून नाकाशी नेला. त्या घरात ती आदल्या दिवसापर्यंत झपझप चालत होती. एका रात्रीत तिचा डोळा काही बिघडला नव्हता, आणि घरातलीही एक वस्तू हललेली नव्हती. बाबा दाढी करत होते. त्यांनी आरशात हे सगळं बघितलं आणि वस्तरा धुऊन ठेवला, अर्धी दाढी तशीच.

निघायच्या आधी मी शेडमध्ये डोकावले. तिथले खुर्चीवाले आजोबा जन्मापासूनचे आंधळे, मला लहानपणापासून ओळखणारे. त्यांनी वेत भिजत घालता घालता विचारलं, "नेलं का वहिनींना दवाखान्यात?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात. त्यांची पावलं दोन वर्षांपासून आमच्यासारखी पडतात. आधी टाच, मग थांबून चवडा. मी माळीदादांना म्हटलं होतं तेव्हाच."

मी तशीच बाबांकडे गेले. ते कुंपणाच्या कडेला उकिडवे बसले होते. "आजोबांनी तुम्हाला सांगितलं होतं?"

"म्हणाला होता काहीतरी," बाबा म्हणाले. "मला वाटलं, गुडघे. मी तेलाची बाटली आणून दिली तिला."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. माझ्या जिभेला हाड नाही हे सासरी सगळ्यांना माहीत आहे, त्या दिवशी बाबांनाही कळलं. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाले, "फाटकापर्यंत लावतो तिच्यासाठी."

आमच्या दारापासून फाटकापर्यंत चाळीस पावलं. फाटकाबाहेर बाक आहे, तिथे आसपासच्या बायका संध्याकाळी बसतात. आईची दिवसाची एकच चैन होती ती. दवाखान्यातून आल्यापासून ती गेली नव्हती. मधे जमीन खडबडीत आहे, पाणी जायला चर आहे. बाबांनी त्याच आठवड्यात काड्या कापल्या आणि दोन ओळी लावल्या. डॉक्टर म्हणाल्या होत्या दोन वर्षं. कोयनेल नीट करायची तर तीन लागतात. हा हिशेब बाबांना मांडायची गरज नव्हती, तो त्यांच्या बोटांत होता.

आणि मग त्यांनी ते केलं जे उभ्या जन्मात कधी केलं नव्हतं. कोयनेलला खत घातलं. दोन महिन्यांनंतरही रोज सकाळ-संध्याकाळ पाणी. मी फोन केला की आई म्हणायची, "ते झाडांशी आहेत." वीतभर वर आली तेव्हा अर्ध्यात कापायला हवी होती. कात्री घेऊन ते गेले आणि तसेच परत आले. हातभर झाली तेव्हाही तेच. कापलं की सहा महिने मागे जाणार, आणि आईच्या डोळ्यातली थाळी आता बशीएवढी झाली होती. ज्या माणसाने सत्तर अनोळखी लोकांसाठी तीन वर्षं कळ काढली, त्याला स्वतःच्या बायकोसाठी एक काडी तोडवेना.

अकराव्या महिन्यात ती कमरेइतकी झाली. वरून हिरवीगार, बघत राहावं अशी. मी तेव्हा तिथे होते. बाबांनी नवा सदरा घातला होता. त्यांनी आईला दारापर्यंत आणलं, तिचा डावा हात उचलून कुंपणावर ठेवला आणि म्हणाले, "चल. काही नाही मधे. सरळ फाटक."

आई चालायला लागली. दहा-बारा पावलं गेली. मग चराशी, पाय उचलताना ती थोडी टेकली, जशी संस्थेतली माणसं टेकतात, जसं टेकायलाच ते कुंपण असतं. हात कोपरापर्यंत आत गेला. आत काही नव्हतं. नुसत्या लांब, बोटाएवढ्या काठ्या, खतावर पोसलेल्या, त्या सगळ्या एकदम वाकल्या आणि आई त्यांच्यातून पलीकडे पडली.

मनगट मोडलं. ती ओरडली नाही. जमिनीवर पडल्यापडल्या तिने दुसऱ्या हाताने कुंपणाच्या बुडाशी चाचपून बघितलं, एक काठी, दुसरी काठी, मधली मोकळी जागा. मग म्हणाली, "अहो, हे तुम्ही कापलंच नाहीत."

प्लास्टर घालून आल्यावर त्याच दुपारी बाबांनी सगळी ओळ जमिनीपासून वीतभर ठेवून कापून टाकली. माझ्यासमोर. एकही काडी त्यांनी सोडली नाही. कापताना ते रडत होते, आणि मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकाच वेळी. आई दारात बसून कात्रीचा आवाज ऐकत होती.

मग खत नाही, पाणी नाही. वीतभर, अर्ध्यात. हातभर, अर्ध्यात. दुसऱ्या हिवाळ्यात आईचा उजवा डोळा संपला. एका सकाळी तिने उठून विचारलं की उजाडलं का. बाबा हो म्हणाले. ती म्हणाली, "खिडकी उघडा." खिडकी उघडीच होती.

कुंपण त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने तयार झालं. आईने ते कधी पाहिलं नाही. बाबांनी आयुष्यात केलेलं ते सगळ्यात चांगलं कुंपण आहे, हे मी त्यांच्यावर राग धरूनही सांगते. त्याची उंची त्यांच्या पट्ट्याची नाही. आई ठेंगणी आहे, तिचा हात कोपरातून वाकवून त्यांनी माप घेतलं. आत बोट जात नाही इतकं दाट. मी स्वतः सगळं वजन टाकून टेकून बघितलं, जागचं हललं नाही. चराशी चार बोटांची खाच, फाटकाच्या आधी दोन.

आई रोज संध्याकाळी बाकावर जाते. त्याआधी अर्धा तास बाबा ती चाळीस पावलं झाडतात. खडा उचलतात, पडलेली काडी उचलतात, मग डोळे मिटून हात ठेवून एक फेरी मारतात. परत येऊन दारात उभे राहतात आणि म्हणतात, "झालं. ये."

आई उंबऱ्याशी थांबते. "मधे काही नाही ना?"

"काही नाही."

ती काठी पुढे करते आणि पहिल्या पावलाची जमीन ठोकून बघते. मग दुसऱ्या पावलाची. अशी चाळीस पावलं, काठीने ठोकत, एका हाताखाली ते कुंपण असताना. संस्थेतली सत्तर माणसं बाबांच्या कुंपणावर हात टाकून गप्पा मारत, हसत, काठीशिवाय जातात.

मी माहेरी असले की ती काठी घेत नाही. बाबा म्हणतात, "काही नाही मधे." ती मान माझ्या दिशेला करते. "तू बघ गं."

बाबा तिथेच उभे असतात, झाडू हातात. मी बघते. कधीच काही नसतं. मी म्हणते, "काही नाही आई," आणि मग ती पाऊल टाकते.